एका एसटीच्या अंतरावरचं कॉलेज

५ जानेवारी, रविवार. सकाळी.

नवीन डायरी आजपासून सुरू. बियाण्याच्या कंपनीनं दिलेली आहे, कव्हरवर कापसाचं बोंड आहे, पण कागद बरा आहे. संकल्प: रोज लिहायचं. पहिले चार दिवस दुकानातल्या स्टॉकमध्ये गेले, ते धरायचे नाहीत.

मुख्य विषय दामिनीचं कॉलेज. बारावी झाल्यावर तिला बंगलोरजवळच्या कुठल्याशा युनिव्हर्सिटीत जायचंय. तिथे जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करतात म्हणे. नुसत्या पाण्याचा. मी म्हणालो, पाण्यात शिकण्यासारखं काय आहे? तर म्हणाली, तेल्हाऱ्याच्या खुशालकाकाच्या विहिरीचं पाणी खारं काऊन हाये ते सांगा मंग. मी म्हणालो, ते पहिल्यापासूनच खारं आहे. एवढं उत्तर पुरायला हवं होतं.

मला स्वतःला काही नाही. मुलींनी शिकावं या मताचा मी आहे, तसं भाषणही मी एकदा सामूहिक विवाह सोहळ्यात केलं होतं. पण अकोल्यात अख्खं कृषी विद्यापीठ आहे. मुलगी सकाळी डबा घेऊन स्कूटीवर गेली की संध्याकाळी चहाला घरी. माणसाला आणखी काय पाहिजे? म्हणजे मुलीला.

त्याच दिवशी, दुपारी.

हर्षा म्हणते, हट्ट करू नका, तिले जाऊ द्या. बायकोला या क्षेत्रातलं काही कळत नाही. मला कळतं. अकोल्यापासून अकोटपर्यंत कुणाच्या घरी मुलगी लग्नाची झाली की लोक म्हणतात, किशोरभाऊले विचारा. दुकान कृषी सेवा केंद्राचं असलं तरी काउंटरच्या वर बियाणं आणि खाली बायोडाटा असं माझं चालतं. आणि माझा पहिला नियम सगळ्या समाजाला माहीत आहे: मुलगी एका एसटीच्या अंतरावर द्यावी. बापानं सकाळच्या गाडीनं जावं, जेवावं, मुलीचा चेहरा पाहावा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यावं. मध्ये गाडी बदलावी लागली की स्थळ बाद.

कॉलेज म्हणजे तरी काय? स्थळच.

तर मुलीचं मन चुकीच्या स्थळावर बसलं की घरच्यांनी नाही म्हणायचं नसतं. त्यानं ती आणखी घट्ट बसते. अशा वेळी बाहेरगावचा एक वजनदार मध्यस्थ आणायचा. त्यानं हळूहळू वळवायचं. म्हणून मी दामिनीसाठी प्रायव्हेट अ‍ॅडमिशन काउन्सेलर लावायचं ठरवलं आहे. दामिनीनं ऐकलं आणि माझ्या गळ्यातच पडली. तिला वाटतं मी तयार झालो. बिचारी.

१२ जानेवारी, रविवार.

अमरावतीला जाऊन आलो. काउन्सेलर मुद्दाम अमरावतीची. अकोल्यातली असती तर दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या जठारपेठेला कळलं असतं.

अश्लेषा मॅडम नाव. कॅम्पात ऑफिस आहे. वय फार नाही, पुण्यात नोकरी करून परत आल्यात. फी ऐकून मी शांतपणे पाणी प्यालो. मग आमच्या घराण्याची माहिती दिली, तेल्हाऱ्याची शेती, थोरले बंधू खुशालराव, माझं दुकान. मॅडम म्हणाल्या, आता दामिनीला बोलू द्या. दामिनी बोलायला लागली ती थांबेना. विहीर, खारपाणपट्टा, मातीचे थर. घरी ही मुलगी जेवायला काय करू विचारलं तर कायबी म्हणते.

निघताना मी मॅडमना जिन्यात गाठलं आणि खरी असाइनमेंट समजावून सांगितली. सेशन सगळी घ्या, फक्त हळूहळू गाडी अकोल्याकडे वळवा. त्या म्हणाल्या, सर, मी मुलांना वळवत नाही, त्यांना कुठे जायचंय ते नीट सांगायला शिकवते. मी हसलो. पहिल्या भेटीत मध्यस्थ असाच बोलतो. मी स्वतः असाच बोलतो.

मूर्तिजापूरला चहा घेताना दामिनीनं विचारलं, जिन्यात काय बोलून राह्यले होते मॅडमसंगं? मी म्हणालो, पार्किंगचं.

१६ जानेवारी.

मॅडमकडे तिळगूळ आणि घरच्या तुरीची डाळ पाठवली. मध्यस्थाच्या घरी डाळ शिजली की बोलणी पुढे सरकतात. मॅडमचा फोन आला, सर, असं काही पाठवायची पद्धत नाही आमच्याकडे. मी म्हणालो, आमच्याकडे आहे. डाळ त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना वाटून टाकली म्हणे. म्हणजे आता अख्खं ऑफिस आपल्या बाजूचं.

२६ जानेवारी, रविवार. झेंडावंदन करून आल्यावर.

ऑनलाइन सेशन झालं. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा पडद्याजवळ बसलो होतो. मॅडम म्हणाल्या, सर, पडदा हलतोय.

युनिव्हर्सिटीनं मुलांकडून एक निबंध मागवला आहे. विषय: तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न. दामिनीनं खुशालदादाच्या विहिरीवर लिहिलं. मी वाचलं. लिखाण ठीक आहे, पण मुलीबद्दल माहितीच नाही! वाचणाऱ्याला कळणार कसं की मुलगी कोण, कुठली? ती आंघोळीला गेली तेव्हा मी शेवटी एक परिच्छेद टाकून मॅडमना पाठवून दिला. घराणं, शेती ओलिताची की कोरडवाहू, उंची, वर्ण गव्हाळ, स्वभाव मनमिळाऊ.

संध्याकाळी मॅडमचा फोन. सर, निबंधात उंची कुठून आली? मी म्हणालो, पाच फूट तीन, पप्पांच्या बाजूकडून आली. मॅडमचा फोन एकदम कट झाला. नेटवर्क.

३ फेब्रुवारी.

स्थळाची परस्पर चौकशी केल्याशिवाय मी कधी पुढे जात नाही. मुलाच्या गल्लीतल्या पानवाल्यापासून सुरुवात करतो. बंगलोरला आपला पानवाला नाही, पण खताच्या कंपनीचा ललित मीटिंगला तिकडे जाणार होता. त्याला सांगितलं, जरा आत जाऊन पाहून ये. त्याचा रिपोर्ट आला. झाडं भरपूर, मुलं-मुली सभ्य दिसतात, लायब्ररी मोठी. मी विचारलं, दोष सांग, दोष. म्हणाला, मेसमध्ये दोन्ही टाइम भात असते, भाऊ. भाकर नाई.

सापडलं! जेवताना दामिनीला सांगितलं, तिथे भाकर नाही. ती म्हणाली, मी भात खाईन. मी हर्षाकडे पाहिलं. हर्षा म्हणाली, मलेबी भात आवडते.

९ फेब्रुवारी.

परवापासून बारावीची परीक्षा. घरात शांतता राखायची. टीव्ही बंद. डायरीही बंद. पेन वाजतं.

२३ मार्च, रविवार.

परीक्षा कधीच संपली, डायरी राहून गेली. तूर-हरभऱ्याचा सीझन होता.

बातमी अशी की युनिव्हर्सिटीची ऑनलाइन टेस्ट दामिनी पास झाली. आता मुलाखत. १३ एप्रिल, रविवार, सकाळी अकरा. लॅपटॉपवर घरूनच द्यायची. मॅडम तिची तयारी करून घेताहेत. वळवण्याचं काम मॅडमनी अजून सुरू केलेलं दिसत नाही. बहुतेक शेवटी एकदम करतील.

एक गोष्ट मला बरी वाटली. पलीकडचे लोक मुलगी पाहायला येताहेत, तेही आपल्या घरी. इथून पुढे मैदान माझं आहे. पाहण्याचा कार्यक्रम कसा करायचा हे मला कुणी शिकवू नये.

१२ एप्रिल, शनिवार.

तयारी पूर्ण. समोरच्या खोलीतला सोफा हलवला, नवे अभ्रे घातले. खुशालदादाला तेल्हाऱ्याहून बोलावून घेतलं. घरातलं मोठं माणूस बैठकीत नसलं तर पलीकडचे लोक काय म्हणतील? दादा म्हणाला, पोरीच्या कालेजात माह्यं काय काम? मी म्हणालो, तू फक्त बस. हर्षाला पोहे सांगितलेत. ती म्हणाली, त्या कम्प्युटरले खाऊ घालता काय? विनोद करायची ही वेळ नाही.

दामिनीला वाटतं ती तिच्या खोलीत एकटी बसणार आहे. मी सांगितलं, तिथे रेंज येत नाही.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी.

कार्यक्रम अगदी वेगळ्या प्रकारे यशस्वी झाला.

अकराला स्क्रीनवर दोन जण आले, एक बाई, एक गृहस्थ. दोघंही प्रोफेसर. त्यांच्याकडची फक्त दोनच माणसं, मला ते थोडं कमी वाटलं. मध्ये दामिनी, एका बाजूला मी, एका बाजूला टोपी घालून दादा. बाईंनी इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल सांगा. मुलीनं पहिल्या प्रश्नाला खाली पाहायचं असतं, म्हणून मीच सुरुवात केली. सर, मॅडम, शी इज व्हेरी अ‍ॅडजस्टिंग नेचर. पुढे घराण्याची माहिती देणार, तेवढ्यात दादानं त्या गृहस्थांना विचारलं, पाव्हणे, गाव कोणतं तुमचं? गृहस्थांना मराठी येत नव्हतं. दादाला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून त्यानं पुढचा प्रश्न मोठ्यानं विचारला. शेती किती हाये पाव्हण्याची?

त्याच वेळी हर्षा पोह्यांचा ट्रे घेऊन आली. मी एक डिश कॅमेऱ्यासमोर धरली. एवढाच उद्देश होता की आपल्याकडे रीत आहे हे त्यांना दिसावं. स्क्रीनवरच्या बाई ओठ दाबून बसल्या होत्या. बहुतेक भूक लागली असावी.

मग दामिनी उठली. इंग्रजीत त्यांना दोन मिनिटं मागितली, लॅपटॉप उचलला आणि जिना चढून सरळ गच्चीवर गेली. मी मागे निघालो तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर हर्षा पदर खोचून बसलेली. मी म्हणालो, वर ऊन आहे, पोरीला त्रास होईल. ती म्हणाली, तुमी जरासक गप्प बसा बरं. मग तिनं मला सरकून जागा दिली. आम्ही दोघं पायरीवर बसून पोहे खाल्ले. वरून दामिनीचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द नाही, नुसता आवाज. मध्येच तिकडचे लोक हसायचे, मग ही हसायची. इतकी हसून ती घरात कधी बोलल्याचं मला आठवत नाही. लहान होती तेव्हा बोलायची.

ती खाली आली तेव्हा चेहरा उन्हानं लाल झालेला होता. मला वाटलं आता चिडेल. तर दादाच्या पायाशी बसली आणि म्हणाली, काका, त्या सरले तुमच्या विहिरीचं सांगतलं मी, ते पाव्हणे येतो म्हणत होते पाह्याले.

दादा भलताच खूश. पाहुणे परत यायचं म्हणतात म्हणजे मुलगी पसंत, हे मीही कबूल करतो. सुरुवातीला मी वातावरण मोकळं केलं नसतं तर एवढं हसणं झालं नसतं.

५ मे, सोमवार.

बारावीचा निकाल. दामिनी चांगल्या मार्कांनी पास. दुकानात पेढे वाटले. कृषी विद्यापीठाची सगळी माहिती काढून ठेवली. आमच्या घरापासून गेटपर्यंत एकही डाव्या हाताचं वळण नाही.

१२ मे, सोमवार. संध्याकाळी.

मेल आला.

फॉर्म भरताना कुटुंबप्रमुख म्हणून माझाही मेल आयडी द्यावा असा मी आग्रह धरला होता, तो आज कामी आला. इंग्रजीत आहे. दामिनीची निवड झाली आहे, अभिनंदन, २२ मेपर्यंत होकार कळवा, नाही तर जागा पुढच्या मुलाला जाईल.

दोनदा वाचला. मग फोन खिशात ठेवला.

आता इथे अनुभव लागतो. पलीकडून होकार आला की लगेच हो म्हणायचं नसतं. उतावळे दिसतो, आणि मग पुढे जन्मभर ते लोक वरचढ राहतात. घरात विचारून कळवतो, असं म्हणायचं आणि गप्प बसायचं. पलीकडच्यांना गरज असेल तर दुसरा निरोप येतो. नाही आला, तर ती माणसं आपल्या लायक नव्हती असं समजायचं आणि जवळचं स्थळ पाहायचं. हा नियमच आहे. यात माझं स्वतःचं काही नाही.

मी उत्तर पाठवलं: रिस्पेक्टेड सर, तुमचा प्रस्ताव मिळाला. घरात विचारून कळवतो. आमच्याकडून घाई नाही.

एका मिनिटाच्या आत त्यांचं उत्तर! या पत्त्यावर उत्तर पाठवू नये, हा मेल आपोआप जातो, असं काहीतरी. म्हणजे समोर वाट पाहतच बसले होते. गरज त्यांना आहे.

घरात अजून बोललो नाही. योग्य वेळ पाहून बोलू.

१४ मे.

जेवताना दामिनीनं विचारलं, पप्पा, काई मेल आला काय? मी म्हणालो, नाही अजून. सर्व्हर डाउन असेल.

योग्य वेळ नव्हती. आमरस होता.

१६ मे.

पप्पा, मेल आला काय? नाही.

खरिपाचं बियाणं यायला लागलंय, डोक्याला ताप आहे. शांत चित्तानं सांगावं असा विचार आहे.

१७ मे.

आजही विचारलं. विचारताना माझ्याकडे पाहते. हर्षा तिच्याकडे पाहते. मी आंब्याकडे पाहतो.

१९ मे.

पलीकडून दुसरा निरोप नाही. माझा अंदाज बरोबर. तेवढी गरज दिसत नाही त्यांना.

संध्याकाळी दामिनी दुकानात आली. काउंटरच्या आत बसून गिऱ्हाइकांना पावत्या करून दिल्या, लहानपणी बसायची तशी. जाताना पुन्हा विचारलं. मी म्हणालो, आला की तुलेच पयले सांगीन ना. ती म्हणाली, हो, ते तर हायेच.

बरं वाटत नाही. बहुतेक अ‍ॅसिडिटी. आमरस कमी करायचा.

२१ मे.

आज तिनं विचारलं नाही.

जेवलो नाही फारसं. उद्या सकाळी सांगून टाकायचं. पक्कं.

२२ मे.

सकाळी ती उठायच्या आत दुकानात गेलो. ट्रक येणार होता. ट्रक आला नाही. दिवसभर बसून होतो.

२३ मे, शुक्रवार.

तारीख गेली. आता जे झालं ते झालं. ती रडेल, दोन दिवस जेवणार नाही, मग समजेल. मी नवीन स्कूटीचं कोटेशन आणलं, निळा रंग. कृषी विद्यापीठाची माहितीही बरोबर घेतली. दोन्ही तिच्यापुढे ठेवून म्हणालो, बाई, तिकडून काही उत्तर आलेलं दिसत नाही. जाऊ दे.

दामिनीनं स्कूटीचा फोटो पाहिला, छान हाये म्हणाली. मग म्हणाली, पप्पा, मी होकार कळवला त्याईले. बारा तारखेलेच.

मेल तिला आला होता. मॅडमना आला होता. माझ्याकडे आली ती नुसती कॉपी. होकार त्याच संध्याकाळी गेला, फी हर्षानं तिच्या खात्यातून भरली. मॅडमनी म्हणे पहिल्याच महिन्यात दामिनीला सांगून ठेवलं होतं, पप्पांचा आयडी खुशाल दे, पण मुख्य तुझाच असू दे.

मी म्हणालो, तुले मालूम होतं तर मंग रोज मले काऊन विचारत होती?

ती म्हणाली, तुमी सांगसान म्हणून.

एवढंच म्हणाली. रागानं नाही. कोटेशनची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि आत गेली.

२४ मे.

आज लिहिण्यासारखं काही नाही. दुकान.

२५ मे, रविवार.

एकटाच अमरावतीला गेलो. मॅडमना जाब विचारणं गरजेचं होतं. ज्यानं पैसे मोजले त्याला अंधारात ठेवतात ही कुठली पद्धत?

मॅडम म्हणाल्या, पॅकेजमध्ये पालकांसाठी एक सेशन असतं, तुम्ही ते घेतलंच नाही, आता घेऊ या. फुकट सोडण्यात अर्थ नव्हता. बसलो.

मॅडम म्हणाल्या, सर, मला सोयरिकीतलं काही कळत नाही, तुमचा सल्ला हवा आहे. समजा मुलाकडून होकार आलाय. मुलगी रोज वाट पाहतेय, रोज विचारतेय. आणि बापानं ते पत्र खिशात ठेवलंय. अशा घरी तुम्ही मध्यस्थी कराल?

माझ्या आवडीचा विषय. मी लगेच सांगितलं, मॅडम, अशा माणसाच्या घराची मी पुन्हा पायरी चढणार नाही. ज्या बापाला मुलीचं तोंड पाहून सांगावंसं वाटलं नाही त्याच्यात आणि माझ्यात काय बोलणं होणार? बरंच बोललो. आवाजही चढला माझा.

मॅडमनी चहा मागवला. चहा चांगला होता, पण मला संपवता आला नाही.

मग त्यांनी एकच विचारलं. तिनं जाऊ नये असं तुम्हाला का वाटतं, ते तिला कधी सांगितलंत का? मी म्हणालो, यंदा तुरीला भाव नाही.

मूर्तिजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. मूर्तिजापूरनंतरही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

घरी आलो. हातपाय धुतले. चष्मा लावला, फोन काढला आणि दामिनीला हाक मारली. हर्षालाही बोलावलं. म्हणालो, बसा दोघी. एक मेल आला आहे.

आणि वाचून दाखवला. पहिल्या ओळीपासून, प्रिय दामिनीपासून. इंग्रजी उच्चार मध्ये मध्ये अडले. अभिनंदन या शब्दाशी चष्मा काढून पुसावा लागला, बसमध्ये खिडकी उघडी होती. सगळा वाचून झाल्यावर म्हणालो, तुझं सिलेक्शन झालं, बाई.

दामिनी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. मग खरंच काय पप्पा, असं ओरडून तिनं अशी उडी मारली की टीपॉय पडला. हर्षा म्हणाली, अग्गोबाई, मले तर काहीच मालूम नव्हतं. दोघींनाही अभिनय अजिबात जमत नाही. माझं काम मात्र चोख झालं.

ती कितीतरी वेळ माझ्या खांद्याला धरून होती. मीही रडलो थोडा. लिहून ठेवतो, कारण डायरीत खोटं लिहू नये.

१५ जून.

पेरणीची गर्दी. बॅग, चादरी, लोणचं, चटणी, ज्वारीचं पीठ. पीठ कशाला, दामिनी विचारते. तिथे भाकर मिळत नाही, हे मी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. कुणी ऐकेल तर शपथ.

२७ जुलै, रविवार. बंगलोर, लॉज.

पोचवायला आम्ही दोघं आलो. हैदराबादला गाडी बदलावी लागली. स्टेशनवरून पुन्हा बस, बसवरून पुन्हा रिक्षा. नियमानं हे स्थळ तीनदा बाद होतं.

हॉस्टेल तपासलं. कडी लागते, पंखा फिरतो, शेजारची मुलगी केरळची, नमस्कार करते. वॉर्डनबाईंना म्हणालो, पोरीचं काही चुकलं तर पोटात घाला. त्यांना हिंदी कळत नव्हतं, मराठी तर नाहीच, पण मान डोलावली.

आमचे आजोबा मुलीच्या सासरचं पाणी पीत नसत. मी अकोल्याहून बाटली भरून आणली होती ती इथे येईपर्यंत संपली. दामिनीनं कुलरचा ग्लास भरून आणला. म्हणाली, पप्पा, पिऊन तर पाहा, गोडं हाये.

प्यालो. गोडं आहे.

२९ जुलै. घरी.

संकल्प: आठ दिवस फोन करायचा नाही. नवी मुलगी सासरी रुळायची तर माहेरच्यांनी सारखी चौकशी करू नये, हे मी प्रत्येक मुलीच्या आईला बजावतो.

त्याच दिवशी, दुपारी.

पिठाचा डबा नीट बंद केला का, एवढंच विचारायला फोन केला. तो धरायचा नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.

चुकून लागला.

२१ सप्टेंबर, रविवार.

आज दुकानात अकोटचे सहदेवराव आले होते. त्यांच्या मुलीला हैदराबादच्या मुलाचं स्थळ आलंय. मुलगा चांगला, घर चांगलं, मुलीला पसंत. सहदेवरावांचं मन होत नव्हतं. म्हणाले, किशोरभाऊ, लय दूर पडते जी. तुमचा तर नियमच हाये एका एसटीचा.

मी त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि समजावलं. सहदेवराव, जमाना बदलला. अंतर असं काही राहिलं नाही आता. फोनवर रोज चेहरा दिसतो. बापानं मन मोठं करायचं असतं, मुलीला धरून ठेवणं म्हणजे स्वार्थ आहे. माझंच पाहा. मला काही फरक पडला का? दुकानातली चार गिऱ्हाइकंही ऐकत उभी राहिली. सहदेवरावांना पटत चाललं होतं, चेहऱ्यावरून दिसत होतं.

तेवढ्यात दामिनीचा फोन. आवाज एकदम खुशीत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे सर मुलांना घेऊन कुठल्याशा डोंगरात विहिरी पाहायला जाताहेत, तिला निवडलंय. पप्पा, मी दिवाळीले नाई आली तं चालीन काय? तुमी सांगसान तसं करीन.

मी म्हणालो, जा. बिनधास्त जा. मले काई नाई. डोंगरात स्वेटर लागते, पैसे पाठवतो.

फोन ठेवला. काउंटरवर हर्षानं सकाळी दिलेली यादी होती, अनारशाचं पीठ, खोबरं, दामिनीसाठी कुर्त्याचं माप. ती ड्रॉवरमध्ये टाकली.

सहदेवराव उठून उभे राहिले होते. हात जोडून म्हणाले, पटलं भाऊ तुमचं. मंग त्याईले होकार कळवून टाकू?

मी म्हणालो, बसा जरा. घाई काय हाये? अकोटजवळ एखादं पाहू पयले.